अंबूचं विरजण

अपोंगला पुढे कुणीही विचारलं, की बाई, पंचावन्न सालच्या त्या मोठ्या परिषदेच्या आठवड्यात तू बांडुंगातच होतीस, मग पाहिलंस काय, तर ती एका शब्दात सांगून मोकळी व्हायची. "टोप्या."

उंचीने बुटकी, त्यात पुढे माणसांची ही गर्दी. नुकतंच आशिया-आफ्रिका असं नाव मिळालेल्या त्या रस्त्यावरून देशोदेशींचे पुढारी हॉटेलातून सभागृहापर्यंत पायी गेले, तेव्हा अपोंग टाचा उंचावून उंचावून थकली. "एक लाल टोपी होती, गोंड्याची. एक पांढरं मुंडासं. काळ्या टोप्या तर आपल्याच लोकांच्या. खाली माणसं असणारच, मला नाही दिसली." एवढ्यावर तिचा जगाचा इतिहास आटपायचा. मग ती तापेबद्दल बोलायला लागायची, आणि ते काही केल्या आटपायचं नाही.

पण तिला हसायचं कारण नाही. त्या आठवड्यात आमच्या अख्ख्या जांबू आळीचं लक्ष टोप्यांवर नव्हतंच. ते लागलं होतं अपोंगच्या स्वयंपाकघरातल्या दोन रांजणांकडे.

तापे म्हणजे आंबवलेला चिकट तांदूळ. भिजवायचा, वाफवायचा, सुपात पसरून पार गार करायचा, वर विरजणाची वडी कुस्करून भुरभुरायची आणि पानांत गुंडाळून रांजणात झाकून ठेवायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गोड, रसाळ, जिभेला जराशा झिणझिण्या आणणारं तापे तयार. सांगायला सोपं आहे. पण विरजण मोठं मानी असतं. घरात भांडण झालेलं त्याला खपत नाही, मनात अढी ठेवून हात लावलेला खपत नाही. आणि सगळ्यात मोठी पमाली, म्हणजे कुणी मोडायचा नाही असा नेम, तो असा की विरजण भुरभुरायला घेतल्यापासून रांजणावर झाकण पडेपर्यंत तिथे कुणी चकार शब्द काढायचा नाही. बोललात की तापे आंबट झालंच म्हणून समजा.

अपोंगची आई अंबू. डचांच्या राज्यात ती गोऱ्या साहेबांच्या क्लबाच्या मागच्या दाराशी तापे विकायची. पुढच्या दाराशी आपल्या माणसाला उभं राहायची सोय नव्हती. आत साहेब नाचायचे आणि त्यांचे खानसामे बाहेर येऊन अंबूचं तापे खायचे. मग डच गेले, जपानी आले आणि तांदूळ दिसेनासा झाला. लोक केळीचे बुंधे उकडून खात होते, आणि ही बाई कुठून तरी मूठभर तांदूळ कनवटीला लपवून आणायची आणि दळून त्याच्या विरजणवड्या करायची. जुन्या वडीतून नवी वडी, तिच्यातून पुढची. तिच्या आईकडून आलेलं ते विरजण तिने चुलीवरच्या परडीत, धुरात, जिवंत ठेवलं. मरताना ती परडी तिने थोरल्या अपोंगच्या हवाली केली. धाकटी कुराएसिन शेजारीच बसली होती. तिला कमरेला गुंडाळायचे दोन चांगले सारोंग मिळाले.

अंबू गेली त्याच्या पुढच्या वर्षी, शेहेचाळीसच्या मार्चमध्ये, इंग्रजांच्या फौजेने हुकूम काढला की शहराचा दक्षिण भाग खाली करा. आमच्या पोरांनी ठरवलं, खाली करायचा तो जाळूनच करायचा. डच परत येणार होते, त्यांच्या हाती धड भिंत लागू द्यायची नाही. ज्याने त्याने आपलं घर आपल्या हाताने पेटवलं. कुराएसिनही तेव्हा त्याच घरात होती, ती आपली पोरं घेऊन सकाळीच निघून गेली होती. अपोंगचा नवरा स्वयंसेवकांच्या टोळीत होता, तो पुढे परतलाच नाही. तेव्हा अंबूच्या घराच्या छपराला चूड लावली ती अपोंगने. हाताला धरलेली लेक ओनी, डोक्यावर बोचकं. नदीवरच्या पुलावर पोचल्यावर तिला आठवलं, की परडी चुलीवरच राहिली.

मागे वळून पाहिलं तर आभाळ लाल झालं होतं. तिथे परत जाणं म्हणजे जिवंत जळणं.

"डचांनी नाही मारलं, जपान्यांनी नाही मारलं," ती पुढे म्हणायची, "माझ्या आईचं विरजण मी मारलं." इतर लोक त्या दिवसाबद्दल छाती फुगवून बोलायचे, आणि का बोलू नये. अपोंग मात्र उठून भांडी घासायला जायची.

काही महिन्यांनी माजालाया गावात दोघी बहिणी भेटल्या. अपोंगने चारचौघांत धाकटीच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. "सिन, मी अंबूची परडी जाळली गं, मला माफ कर." कुराएसिनचा चेहरा पांढराफटक पडला. ती एक शब्द बोलली नाही, आत निघून गेली. ती माजालायातच राहिली, अपोंग शहरात परतली, आणि त्यानंतर नऊ वर्षं धाकटीने थोरलीच्या घराची पायरी चढली नाही.

डबा मात्र न चुकता यायचा. रोजे सुरू व्हायच्या आधीच्या दिवसांत घरातल्या थोरल्या माणसाकडे डबा न्यायचा, चुकलंमाकलं पोटात घाला म्हणायचं, एकत्र जेवायचं, हा आमचा मुंगाहान. कुराएसिन दर वर्षी कुणाच्या तरी हाती डबा धाडायची. तळलेले मासे, नारळातली भाजी, केळीच्या पानातला भात. सगळं असायचं, फक्त तापे नसायचं. मुंगाहानाच्या डब्यात तापे नाही म्हणजे काय, हे आमच्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अपोंग डब्याचे मजले उतरवायची आणि म्हणायची, "बघ, अजून रागावलीय. माझ्या तोंडावर मारते आहे."

बाजारच्या विरजणावर अपोंग तापे करायची, विकायची, लोक बोटं चाटायचे. तिला एकटीला माहीत होतं की हे ते नव्हे.

तर आता ती परिषद. ओनी एव्हाना कामाला लागली होती. शहराच्या वरच्या अंगाला एका बंगल्यात पाहुणे उतरवले होते, तिथे कपडे धुवायला. एका संध्याकाळी ती घरी आली तीच मुळी दारातून बोलत.

"मा, शुक्रवारी बंगल्यावर मोठी जेवणावळ आहे. इथलं काहीतरी गोड हवं म्हणाल्या मुदपाकखान्याच्या बाई. मी तुझ्या तापेचा शब्द देऊन आले."

"कुणाला विचारून?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. म्हणून आधी दिला."

"खाणारे कोण आहेत?"

"कुठल्या कुठल्या देशांचे आहेत, मला नावंही येत नाहीत. अर्ध्यांना एकमेकांची भाषा कळत नाही. मधे एक जण बसवतात, तो याचं त्याला सांगतो, त्याचं याला. तरी बोलतात बाई. सकाळी तावातावाने भांडतात, दुपारी जेवताना हसत असतात. परवा-परवापर्यंत यांच्यातल्या कितीजणांना गोऱ्यांनी तोंड उघडू दिलं नव्हतं म्हणे, आता कसर भरून काढताहेत."

"गोड खातात का?"

"खातात."

"मग झालं," अपोंग म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

वरून ती अशी निवांत दिसली, आतून नव्हती. सभा भरत होती ती जुन्या क्लबाच्या इमारतीत, जिच्या मागच्या दाराशी अंबूने जन्म घालवला. आणि त्या सभेला आलेल्या माणसांच्या ताटात अंबूच्या मुलीचं तापे जाणार, पण अंबूच्या विरजणाचं नव्हे. अपोंगने मनाशी एक ठरवून टाकलं. हे तापे गोड झालं तर अंबूने आपल्याला माफ केलं. आंबट झालं तर पुन्हा आयुष्यात तांदळाला विरजण लावायचं नाही. हे तिने फक्त ओनीला सांगितलं, आणि ओनीची झोप उडवली.

एवढा तांदूळ एकटीच्या आवाक्यातला नव्हता. मंगळवारी सकाळी आळीतल्या बायका अंघोळी करून, धुतलेले कपडे घालून हजर झाल्या. त्यात शेजारची मिमिन होती. मिमिन म्हणजे तोंडाचा पट्टा. ती कोंबडीशी बोलते, पाण्याच्या घागरीशी बोलते, कुणी नसलं तर पायातल्या चपलेशी. तिला अपोंगने वेगळं बसवून बजावलं, "मिमिन, आज जीभ घरी ठेवून यायची होती. आणलीच आहेस तर दाताखाली धर."

"धरते की. मी काय लहान आहे?"

अपोंगने बिस्मिल्ला म्हणून पहिली वडी कुस्करली आणि स्वयंपाकघर गप्प झालं. सुपांमागून सुपं सरकत होती. कुणी भुरभुरतंय, कुणी पानं पुसतंय, कुणी गुंडाळतंय. मिमिन मागच्या अंगणातून गार झालेली सुपं आणून ठेवत होती. अशात तिने एक सूप आणून पार त्या टोकाला ठेवलं, आणि त्यातून वाफ निघत होती. ते नुकत्याच चुलीवरून उतरवलेल्या भाताचं सूप होतं.

मिमिनला ते ठेवल्यावर कळलं. शेजारणीला दिसलं. तिच्या पलीकडचीलाही दिसलं. गरम भातावर विरजण टाकलं तर ते मरतं, हे आमच्या आळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण बोलायचं कसं? मिमिनने डोळे मोठे केले. शेजारणीला वाटलं, ही गप्प बस म्हणतेय. पलीकडचीला वाटलं, अपोंगला दिसलंच असेल, ती काय ते बघेल. अपोंगची तिकडे पाठ होती. आणि सगळ्या शहाण्या बायकांनी मिळून, तोंडातून अवाक्षर न काढता, तो गरम भात विरजण लावून गुंडाळला आणि दोन्ही रांजणांत बाकीच्यात सारखा वाटून टाकला.

झाकण पडलं. तरी मिमिन बोलेना. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही. आजारी पडली की काय म्हणून तिच्या नवऱ्याने लिंबाचं सरबत करून दिलं.

गुरुवारी सकाळी अपोंग चूल पेटवायला गेली आणि दारातच थबकली. रांजण वेळेआधी उघडायचा नसतो, पण नाकाला कुठे झाकण असतं? गोडूस वास यायला हवा होता. आला तो शिळ्या, आंबूस, चिंध्या भिजत पडल्यासारखा. तिने खाली बसून रांजणाला हात लावला. मग पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "संपलं."

पाचच मिनिटांत आळी गोळा झाली. मिमिन रडत रडत सगळं ओकली.

"अगं पण तुला दिसलं होतं ना?" ओनीने विचारलं.

"दिसलं होतं. पण पमाली मोडू कशी? मला वाटलं, मी बोलले म्हणून बिघडलं तर माझ्या नावाने खडे फोडतील."

"आणि न बोलता बिघडलं ते?"

"ते सगळ्यांनी मिळून बिघडवलं," मिमिन नाक ओढत म्हणाली.

सायकलरिक्षावाला दासिम दारात उभा होता, रांजण बंगल्यावर न्यायचं काम त्याच्याकडे होतं. तो म्हणाला, "जन्मात एकदा मिमिन गप्प बसली, ती नेमकी कधी."

कुणाला हसू आलं नाही. अपोंग तर ऐकतच नव्हती. मिमिनच्या सुपावर तिचा राग नव्हता. तिच्या दृष्टीने सूप हे निमित्त होतं, निकाल अंबूने दिला होता. ती खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. जेवली नाही.

ओनी काय करणार? नवीन तापे लावायला वेळ नाही, आईला उठवायची ताकद नाही. ती दासिमच्या रिक्षातून बसथांब्यावर गेली आणि आईला न सांगता माजालायाच्या बसमध्ये चढली. मावशीला तिने तापे मागितलं नाही. मागायचं तिच्या डोक्यातही नव्हतं, कारण मावशी तापे करते हेच तिला माहीत नव्हतं. तिने एवढंच सांगितलं, की बंगल्यावरच्या जेवणावळीचं तापे बिघडलं, मा भिंतीकडे तोंड करून पडलीय, अंबूने माफ केलं नाही म्हणते, निदान तू तरी एकदा येऊन माफ कर. कुराएसिनने सगळं ऐकून घेतलं, भाचीला जेवू घातलं आणि परत पाठवलं. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

शुक्रवारी सकाळी दासिमची रिक्षा आळीत शिरली. आत कुराएसिन बसलेली, मांडीवर फडक्याने बांधलेला रांजण, पायाशी दुसरा. नऊ वर्षांत ती चांगली जाड झाली होती आणि केस पिकले होते. ती सरळ आत गेली आणि खाटेशी उभी राहिली.

"तेतेह," ती म्हणाली. आमच्यात थोरल्या बहिणीला तेतेह म्हणतात. "उठ. आधी हे खा. मग मला मारायचं तर मार."

अपोंग उठून बसली. कुराएसिनने एक पान उलगडून तिच्या हातात दिलं. अपोंगने बोटाने चिमूटभर उचललं आणि तोंडात घातलं.

तिचं चावणं थांबलं. तिने धाकटीकडे पाहिलं, मग पानाकडे, मग आणखी एक घास घेतला. गालांवरून पाणी ओघळायला लागलं तरी ती खातच होती.

"हे अंबूचं आहे," ती म्हणाली.

"हो."

"ते तर जळलं."

"नाही जळलं." कुराएसिन खाली जमिनीवर बसली. "त्या दिवशी सकाळी निघताना मी परडी उतरवली. घाईत तू विसरशील असं वाटलं, हे खरंय. पण अंबूने ती तुला दिली, मला नाही, हेही डोक्यात होतंच. तुला न सांगता बोचक्यात घातली. म्हटलं, भेटलो की देईन."

"मग दिली का नाहीस?"

"तू भेटलीस ती रडतच भेटलीस. गावापुढे म्हणालीस, मी जाळली. तिथे मी कुठल्या तोंडाने सांगू, की नाही गं, मी चोरली? माझी सासू उभी होती, शेजारीपाजारी उभे होते. त्यांना मी वर्षानुवर्षांचं माझं विरजण म्हणून सांगितलं होतं. म्हटलं, उद्या सांगते. मग परवा. मग मुंगाहान आला. दर वर्षी तुझा डबा भरताना तापे आत ठेवायची आणि परत काढायची. खाल्लंस तर ओळखशील ना. हे यंदाच्या मुंगाहानासाठी गावात वाटायला लावलेलं."

"मला वाटलं तू रागावलीस."

"मी? तुझ्यावर? मला तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती."

अपोंगने हातातलं पान खाली ठेवलं. मग तिने कुराएसिनच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "चोरटी कुठली. नऊ वर्षं. नऊ वर्षं मी रोज चूल पेटवताना त्या छपराला आग लावते आहे, माहीत आहे तुला?" आणि दुसरा धपाटा घालायला उचललेला हात तसाच तिच्या गळ्यात टाकून ती हुंदके देऊ लागली. रडता रडता मधेच हसायला लागली. अंबूचं विरजण जिवंत होतं. तिने काही मारलं नव्हतं, काही जाळलं नव्हतं, जळालं ते नुसतं घर, आणि घरं तर सगळ्यांचीच जळाली होती. छातीवरचा दगड असा उतरला की तिला एकदम भूक लागली. कालपासूनची.

"भात आहे का गं?" तिने ओनीला विचारलं, तेव्हा ओनीचा जीव भांड्यात पडला.

बाहेर मिमिन कान लावून बसली होती. तिने सगळी हकीगत आळीच्या दुसऱ्या टोकाला पोचवली, तोवर आत दोघींचं जेवणही उरकलं नव्हतं.

दुपारी दासिमने दोन्ही रांजण बंगल्यावर नेले. रस्त्यात दोन ठिकाणी शिपायांनी अडवलं, झाकण उघडायला लावलं, आणि दोन्ही ठिकाणी एकेक पान कमी झालं. तरी पुरून उरलं. रात्री ओनी सांगत आली, "मा, तो गोंड्याच्या लाल टोपीवाला पाहुणा आहे ना, त्याने दोनदा मागून घेतलं."

"ती टोपी मी पाहिलीय," अपोंग म्हणाली. जगातल्या मोठ्या माणसांशी तिची ओळख झाली ती इतकीच, आणि ती तिला पुरली.

रविवारपासून रोजे लागणार होते. शनिवारी, रोज्यांतल्या तापेसाठी, अपोंगच्या स्वयंपाकघरात पुन्हा तांदूळ वाफवला. कुराएसिन अजून गेली नव्हती. तिने परडीच आणली होती, तीच काळवंडलेली परडी, आणि ती पुन्हा चुलीवर टांगली होती. वड्या दोघींनी निम्म्या निम्म्या वाटून घेतल्या. आळीतल्या बायका तशाच अंघोळी करून बसल्या होत्या, या खेपेला जास्तच ताठ. अपोंगने बिस्मिल्ला म्हटलं, अंबूची वडी कुस्करली, आणि सगळं गप्प झालं.

कुराएसिनने एक सूप पुढे सरकवलं. अपोंगने भुरभुरायला भातावर हात धरला तर खालून ऊब लागली.

तिने हात आवरला. बायकांनी श्वास रोखला. आणि अपोंग, जिने जन्मात कधी पमाली मोडली नव्हती, ती मोठ्याने म्हणाली, "सिन, भात गरम आहे."

मिमिनने दोन्ही हात तोंडावर घेतले.

कुराएसिनने भाताला बोट लावलं. "गरम कसला, कोमट आहे."

"गरम आहे."

"तेतेह, तू जरा जास्तच करतेस."

"मी करते? परडी कुणी पळवली?"

आणि त्या सुरू झाल्या. अंबूच्या शेवटच्या दिवसांपासून दोन सारोंगांपर्यंत, माजालायाच्या सासूपासून ओनीच्या लग्नापर्यंत. भात गार होईपर्यंत बोलल्या, विरजण भुरभुरताना बोलल्या, गुंडाळताना बोलल्या. थोड्या वेळाने मिमिनने हात खाली घेतले. मग तर विचारूच नका. झाकण पडलं तेव्हा त्या स्वयंपाकघरात कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं.

तिसऱ्या रोज्याच्या संध्याकाळी, रोजा सोडल्यावर, रांजण उघडला. आळीतली सगळी माणसं दारात उभी होती, धीर करून पुढे मात्र कुणी येईना. पहिला घास अपोंगने घेतला, दुसरा कुराएसिनला भरवला. मग कुराएसिनने पानांची चळत उचलून दारातल्या लोकांकडे दिली, आणि आम्हाला कळलं.

बाकीच्या शहरात ती पमाली आजही पाळतात, पाळू देत. आमच्या जांबू आळीत मात्र विरजण लावताना बायका पोटभर बोलतात. तापे अजून एकदाही आंबट झालेलं नाही.